मीच म्हणाले, दुरडी

शैलेशनं मोसंब्याच्या साली टाकल्या आणि माझं डोकं फिरलं. झालं एवढंच. सकाळचे साडेअकरा, पुण्याजवळच्या माणमधलं आमचं ऑफिस, तिसरा मजला, हाडं गारठवणारा एसी, आणि शेजारच्या टेबलावरचा शैलेश, जो चार वर्षं रोज ह्याच वेळेला काहीतरी सोलून खातो. त्यानं आधी साली टाकल्या, सालींवर चोथा थुंकला, चोथ्यावर चहाची ओली पिशवी सोडली आणि हात झटकून पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागला. टेबलाखाली दुरडी होती. कळकाची, पिवळसर, दोन वितींएवढी, अजून ओल्या बांबूचा वास न गेलेली. “उचल ते,” मी म्हणाले. “काय?” “ते. त्यातून उचल. हातानं उचल.” आवाज इतका चढला की पलीकडच्या रांगेतल्या माना वर आल्या. शैलेश घाबरून हसला. म्हणाला, “मृण्मयी, अगं डस्टबिन आहे ती. तूच ठेवलीस. स्टिकर पण तूच लावलंस.” खरंच होतं. ‘सुका कचरा’, हिरव्या अक्षरांत, एकशेवीस स्टिकरं, मी आणि हाऊसकीपिंगच्या शुभांगीनं मिळून एका शनिवारी लावली होती. तेव्हा मी म्हणाले, “मग सुका लिहिलंय ते दिसत नाही का तुला? चोथा सुका असतो का?” सगळ्यांना हायसं वाटलं. नियमाचं भांडण होतं तर. माना खाली गेल्या. शैलेशनं टिश्यूत धरून साली उचलल्या, आणि मी खुर्चीत बसले तरी राग उतरला नाही, कारण ओल्या-सुक्याचा काही संबंध नव्हता आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

तीन वाजता ह्या दुरड्या करणारी गोजराबाई येणार होती. नऊ ऑगस्ट, आदिवासी दिन. कॉन्फरन्स रूममध्ये फुगे लावले होते. कोणाच्या सुपीक डोक्यातून आले फुगे, देव जाणे. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र, आणि त्या सन्मानपत्रावरचा मजकूर माझा: ‘आपल्या मातीतल्या कारागीर भगिनींच्या हातांना वंदन.’ मी लिहिला. अॅडमिनमध्ये असलं की माणूस सगळं लिहितो, फायर ड्रिलची सूचना, गणपतीच्या वर्गणीची मेल, हातांना वंदन. आणि त्या हातांनी केलेल्या एकशेवीस दुरड्या तीन मजल्यांवर टेबलांखाली बसल्या होत्या, पोटात चिप्सची पाकिटं, नाक पुसलेले टिश्यू, केसांचे गुंतवळ घेऊन. गोजराबाईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, ऑफिसातली माणसं जेवताना त्यांत भाकरी ठेवतात. तिला तसं वाटत होतं, कारण मी तिला तसं वाटू दिलं होतं. तीन वाजता ती लिफ्टमधून बाहेर येणार, आणि डोळे तिचे ससाण्याचे आहेत.

मी निरंजनच्या केबिनमध्ये गेले. निरंजन माझा बॉस. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, वाईट माणसावर रागावायला सोपं जातं. हा चांगला आहे. पाण्याची बाटली घरून आणतो, ड्रायव्हरला ‘अहो’ म्हणतो. प्लॅस्टिकच्या बादल्या काढून बांबूच्या टोपल्या आणायच्या, त्याही बाजारातून नाही, इथल्याच बायकांकडून घ्यायच्या, ही कल्पना त्याची. मी म्हणाले, “सर, त्या येण्याआधी टेबलांखालच्या टोपल्या उचलून ठेवू या का?” त्यानं चष्मा काढला. “का?” “नाही, म्हणजे, कचरा दिसेल.” “दिसू दे की. मृण्मयी, त्यांनाही बघू दे ना की त्यांचं काम रोज वापरात आहे. शोकेसमध्ये ठेवलेलं नाही. मला तर हेच सगळ्यात छान वाटतं.” त्याच्या बाजूनं सगळं सरळ होतं. मग त्यानं सहज विचारलं, “त्यांना माहितीच असेल ना कशासाठी आहेत त्या?” “हो,” मी म्हणाले, “म्हणजे काय.” आणि बाहेर येऊन पॅन्ट्रीत उभी राहून दोन ग्लास पाणी प्याले. मला त्याचा राग आला. त्याच्या धुतलेल्या चष्म्याचा, घरून आणलेल्या बाटलीचा, सगळ्याचा राग आला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी माझी गत.

जूनमध्ये गेले होते मी वाडीवर. माझ्या घरमालकीण सारजाबाई मला घेऊन गेल्या. माणमध्ये त्यांची चार मजल्यांची बिल्डिंग आहे, एकेका मजल्यावर आठ खोल्या, मी तिसऱ्या मजल्यावर, उदगीरहून आल्यापासून. सारजाबाईंचं माहेर कासार आंबोलीचं, म्हणून त्या बोलल्या, “कातकरणी हायेत की आमच्या तिकडं. गोजरी म्हनून हाय एक, लई झ्याक काम. तू काय भाव करू नगं, मी करते. चहासाखर दिली तरी खुश हुतील त्या.” चार मजल्यांची मालकीण, पायात चांदीची जोडवी, आणि चहासाखर. पण मीही गप्पच बसले हे खरं. गाव संपलं की वीकेंडचे बंगले लागतात, दगडी कुंपणं, कुंपणांवर काचा, आत हिरवळ, आणि हिरवळीच्या मागं डोंगराच्या पायथ्याला ती वाडी, सोळा-सतरा घरं. कळकाचं बेट एका बंगल्याच्या कुंपणात गेलंय. पूर्वी तिथून पाऊलवाट होती. आता वॉचमन आहे. बायका डोंगराला वळसा घालून दुसऱ्या बेटावर जातात, जायला दोन तास, भारा घेऊन यायला तीन. वाट मोकळी करा म्हणून त्यांनी अर्ज दिला होता, अंगठ्यांसकट. “केराची टोपली दाखवली त्याला,” सारजाबाई म्हणाल्या आणि हसल्या. तेव्हा मीही हसले. तो वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. ज्यांच्या अर्जाला दाखवली त्यांच्याच हातची असेल कदाचित ती टोपली, हे माझ्या मनात तेव्हा आलं नाही. आज आलं, पॅन्ट्रीत, ग्लास हातात धरून.

गोजराबाई ओट्यावर बसली होती. साठीची असेल, किंवा पन्नाशीची, उन्हानं ठरवायचं ते. पायाच्या अंगठ्यात कांब धरून कोयत्यानं ती अशी सोलत होती की पातीच्या मागं पाती निघत होती, कागदासारखी. माझ्याकडे बघितलंही नाही. सारजाबाईंशी बोलली, तेही कोयता न थांबवता. मग एकदम मला म्हणाली, “जेवलीस का गं?” मी हो म्हणाले. “खोटं बोलतीस,” ती म्हणाली, “तोंड सुकलंय.” आणि आत जाऊन दुरडी घेऊन आली. नाचणीची भाकरी, वर सुक्या बोंबलाचा तुकडा. मी बोंबील खात नाही, पण खाल्ला. दुरडीतली भाकरी खालूनसुद्धा कोरडी होती, घामेजलेली नव्हती, आणि मी ते बोलून दाखवलं, कारण माझ्या आईच्या दुरडीतली शेवटची भाकरी नेहमी ओली व्हायची. गोजराबाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. दुरडीला कळकाची पाठ आतल्या अंगाला घ्यायची, म्हणाली, गुळगुळीत पाठ, म्हणजे वाफ मुरत नाही. पाटीला उलटं, पाठ बाहेर. पाटी शेणाची, मातीची, केराची. तिला जाड कांब, दिवसाला चार होतात. दुरडीला दीड दिवस लागतो एकीला. पेरं तासायची, मग घासायची, आणि झाली की आतून गालाला लावून बघायची. तिनं लावून दाखवली, डोळे मिटून, गाल आतून फिरवून. “भाकर मऊ असती,” ती म्हणाली, “तिला कुसळ लागाया नगं.”

आणि मग तिनं विचारलं. अगदी साधं विचारलं, हातातला कोयता पुन्हा सुरू करत. “तुला काय पायजेल? दुरडी का पाटी?”

मला रिक्वायरमेंट तोंडपाठ होती. डेस्कखाली ठेवायच्या कचऱ्याच्या टोपल्या, नग एकशेवीस. उत्तर एका शब्दाचं होतं. पाटी. पण माझ्या हातात तिच्या दुरडीतली भाकरी होती, तोंडात घास होता, आणि त्या घासासकट तिला केर हा शब्द कसा म्हणायचा? असं मी नंतर स्वतःला दोन महिने सांगत आले. खरं दुसरंच होतं. उदगीरला आमच्या दारात टोपल्या विकणारी बाई यायची. आई तिला पायरीच्या खाली उभी करायची. जुन्या लुगड्यावर घासाघीस करायची, आणि दुरडी घेतली की मला हाक मारायची. मी ती हौदावर नेऊन तीन पाण्यांनी धुवायची. तीन. मोजून. नववीपर्यंत धुतल्या मी. पुढं कळायला लागल्यावर आईशी भांडले, कॉलेजात त्यावर निबंध लिहिला, बक्षीसही मिळालं. आणि त्या दिवशी ओट्यावर बसल्यावर मला वाटलं, ह्या बाईला मी केराची पाटी मागणार नाही. मी तशी नाही. मी तिला चांगली वस्तू मागणार, मानाची. “दुरडी,” मी म्हणाले. “टेबलापाशी ठेवायला.” शब्द तोंडातून गेला आणि मला काय छान वाटलं म्हणून सांगू. अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं. सारजाबाई म्हणाल्या, “एवढ्या दुरड्या?” गोजराबाई म्हणाली, “जेवनाच्या टेबलापाशी व्हय? मंग बारीक करू.” मी नाही म्हणाले नाही.

बारा बायकांनी केल्या. ऐन लावणीचे दिवस होते, लोकांच्या शेतावर जायची वेळ, तरी केल्या. मला फोन यायचा, गोजराबाई नातवाच्या फोनवरून बोलायची, “रत्नाबाईची दोन बोटं चिरली, पर करतीया. लई हाऊस तिला. हापिसातली मान्सं आपल्या दुरडीतनं जेवनार म्हनते.” मी म्हणायची, वा, छान. त्या प्रत्येक फोनला मी सांगू शकले असते. जुलैच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर अर्ध्याच झाल्या होत्या. पंधरा तारखेला सांगितलं असतं तर शेवटच्या तीसेक तरी वाचल्या असत्या. मी मूग गिळून बसले. मनाशी म्हणायची, टेबलाखाली ठेवा नाहीतर टेबलावर, वस्तू तीच, त्यांना कुठं कळणार आहे, त्या कशाला येतायत ऑफिसात. मग निरंजनला सत्काराची कल्पना सुचली. चांगल्या माणसांना अशा कल्पना सुचतातच.

दीड वाजता मी शुभांगीला घेऊन मोठ्या काळ्या पिशव्या काढल्या. तीन मजल्यांवरच्या एकशेवीस. एकेक उचलायची, पिशवीत ओतायची, स्टिकर ओरबाडायचं, स्टोअररूममध्ये टाकायची. लोक वैतागले. “मॅडम, मग आम्ही टाकायचं कुठं?” “खिशात टाका,” मी म्हणाले. कोणी हसलं नाही. शुभांगीला वाटत होतं वरून काहीतरी ऑर्डर आलीय. ती पिरंगुटची, कामाला वाघ, पण बोलल्याशिवाय हात चालत नाही तिचा. “बरं झालं काढताय,” ती म्हणाली, “ह्या घासून निघत नाहीत. आणि आल्या तेव्हापास्नंच घाण हुती ह्यांच्यात. प्रत्येकीत बुडाला कसलं तरी दाणं, लाल लाल. नाचनीसारखं. मी एकेक उलटी करून झाडूनच घेतल्या.” मी हातातली दुरडी खाली ठेवली. रिकामं भांडं कोणाच्या घरी धाडू नये, हे माझ्या आईनंसुद्धा मला शिकवलं होतं. प्रत्येकीत चिमूटभर नाचणी. एकशेवीस चिमटी. झाडून व्हॅक्युमच्या पिशवीत. “काय झालं?” शुभांगीनं विचारलं. “काही नाही,” मी म्हणाले, “तू पलीकडची रांग घे.” मला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं. शुभांगीला नाही, शैलेशलाही नाही. हा सगळा मजला, ही काच, ही खाली वाकून बघायची गरज न पडणारी माणसं, सगळं उचलून त्या काळ्या पिशवीत कोंबावं आणि गाठ मारावी. पण गाठ मारणारी मीच असणार आणि पिशवीबाहेर राहणारीही मीच, हे डोक्यात आलं आणि राग अजून वाढला.

पन्नास-पंचावन्न झाल्या असतील. दोन वीसला खालून सिक्युरिटीचा फोन. “मॅडम, कोणी गोजराबाई आल्यात. निरंजन सर लॉबीतच होते, ते घेऊन वर येतायत.”

तिनं हिरवं नऊवारी नेसलं होतं, घडीचं. केसांना तेल. पायांत नव्या चपला, त्या तिला चावत होत्या हे दिसत होतं. ती एकटीच आली होती. बाकीच्या कामावर. निरंजन तिच्यापुढं दार धरून उभा होता आणि बोलत होता, “या मावशी, बघा, जवळजवळ प्रत्येक टेबलाखाली तुमचंच काम आहे.” गोजराबाई टेबलांकडे बघत होती. टेबलांवर बघत होती. मग तिनं खाली बघितलं. माझ्यापासून दहा पावलांवर, खिडकीकडच्या रांगेत, तिथवर माझा हात पोचला नव्हता. ती उकिडवी बसली आणि एक दुरडी बाहेर ओढली. बिस्किटाचा कागद, टिश्यू, केळ्याची साल काळी पडलेली. तिनं साल बाजूला केली नाही. काठावरून फक्त बोट फिरवलं. त्या टेबलावरची मुलगी खुर्ची मागं सरकवून उभी राहिली.

“केर हाय ह्यात,” गोजराबाई म्हणाली.

“हो, म्हणजे त्यासाठीच ना,” निरंजन म्हणाला. “आम्ही प्लॅस्टिक पूर्ण बंद केलं. तुमच्यामुळं.”

“ही दुरडी हाय सायब.”

“हो हो. सुंदरच आहे.”

त्याला शब्दच माहीत नव्हता. पुण्यात वाढलेला, इंजिनिअर झालेला, मराठी नाटकं बघणारा माणूस, आणि दुरडी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनं त्याला एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि त्यानं दुरडीचं कौतुक केलं. गोजराबाईनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि त्याला सोडून दिलं. मग उठून सरळ माझ्याकडे आली. माझ्या हातात काळी पिशवी होती. पायाशी सहा दुरड्या, एकात एक घातलेल्या.

“तू दुरडी म्हनली हुतीस.”

“मावशी, ते जरा…”

“तुला ठाव हुतं?”

निरंजन माझ्याकडे बघत होता. शैलेशही. “हो,” मी म्हणाले.

मला वाटलं ती रडेल. माझी तयारी होती त्याची, मी तिला जवळ घेतलं असतं, मीही रडले असते. किंवा शिव्या देईल. त्याही मी घेतल्या असत्या, मान खाली घालून, जन्मभर सांगायला पुरल्या असत्या. तिनं दोन्ही केलं नाही. ती हिशेबी आवाजात बोलली, ओट्यावर बोलली होती तशीच. “पाटी म्हनली असतीस तर मी काय न्हाई म्हनले असते व्हय? पाटी बी आमीच करतो. शेन बी आमीच उचलतो, केर बी आमीच काडतो. त्यात आमाला काय लाज न्हाई. चार दिसात झाल्या असत्या सगळ्या. जाड कांब घातली असती, ह्या तुमच्या घाणीला टिकली असती. लाज तुला वाटली. माज्या पुढ्यात बसून, माजी भाकर खाऊन, तुला माजी लाज वाटली.”

मी म्हणाले, “तसं नाही मावशी.” पण तसंच होतं. दोन महिने ज्याला मी मान म्हणत होते त्याचं नाव तिनं मजल्यावर सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं. तीन पाण्यांनी धुवायची ना मी दुरडी, हे चौथं. ह्या वेळी पाण्याऐवजी शब्दानं धुतली, एवढाच काय तो फरक.

सत्कार झाला. झालाच. निरंजनला पुरतं काही कळलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं, आणि तो अशा वेळी कार्यक्रम वेळेवर सुरू करतो. गोजराबाईनं शाल घेतली. “थंडीला हुईल,” म्हणाली. नारळ पिशवीत टाकला. सन्मानपत्र हातात घेऊन फोटोला उभी राहिली, कॅमेऱ्यात बघून, न हसता. कोणीतरी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकपासून लांबूनच म्हणाली, “दुरड्या आता परत नका दिऊ. घरात कुनी घ्यायचं न्हाई त्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं भेट दिल्या असं म्हणतेय. टाळ्या संपल्यावर ती खुर्चीतून उठून माझ्यापाशी आली. “चल,” म्हणाली. “कुठं?” “वाडीला. बायांना तू सांग. मी न्हाई सांगायची. तुजं तोंड हाय ना, त्यानंच सांग.”

कंपनीची गाडी होती. पिरंगुटच्या पुढं रस्ता खोदलेला, तासभर नुसते गचके खात गेलो. ती खिडकीकडे, मी तिच्या शेजारी, मध्ये शालीची पिशवी. मी मनात वाक्यं जुळवत होते. गैरसमज झाला. माझ्याकडून नीट सांगायचं राहिलं. ऑफिसचा निर्णय नंतर बदलला. किती पटापट सुचतात मला वाक्यं, अॅडमिनमध्ये माझी बढती उगीच नाही झाली. प्रत्येक वाक्यात कोणीतरी दुसरंच असायचं, ऑफिस, गैरसमज, नंतर. तिला ऐकू येत असल्यासारखी ती म्हणाली, “लई इचार नगं करू. मी खोटं बोलले म्हन. तेवढं बास हाय.” मी मान हलवली. खरंच ठरवलं मी. ड्रायव्हरच्या आरशात स्वतःचं तोंड दिसत होतं, त्याच्याकडे बघून ओठांतल्या ओठांत म्हणूनही बघितलं: मी खोटं बोलले. तीन शब्द. जमत होतं. कासार आंबोलीचा फाटा आला तेव्हा मला जवळजवळ हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचाही मला राग आला, कारण अजून काहीच केलेलं नव्हतं.

वाडीत बायका शेतावरून नुकत्या आल्या होत्या. पायांना चिखल. ओट्यावर, अंगणात, कोयते चालू होते. पातींचा ढीग पडलेला, बारीक, कागदासारख्या पाती. पुन्हा दुरड्याच करत होत्या त्या. एका ऑफिसनं एवढ्या घेतल्या तर दुसरं घेईल, असं कोणीतरी म्हणालं असणार. गाडी बघून सगळ्या उठल्या. रत्नाबाई पुढं आली, सावळी, उंच, डाव्या हाताची दोन बोटं अजून फडक्यात गुंडाळलेली. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. तिनं आधी गोजराबाईच्या हातातली शाल चाचपून बघितली, मग माझ्याकडे वळून हसली. समोरचे दोन दात नव्हते तिला.

“काय गं बाय,” ती म्हणाली, “आवडल्या का सायेब लोकांना?”

गोजराबाई माझ्या शेजारी उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी तोंड उघडलं.

“लई आवडल्या,” मी म्हणाले.

“जेवताना घेत्यात?”

“हो. रोज.”

“म्या म्हनलं हुतं,” रत्नाबाई बाकीच्यांना म्हणाली. “म्या म्हनलं हुतं का न्हाई?” बायका बोलायला लागल्या, एकमेकींना ढोसायला लागल्या, एकीनं अर्धी झालेली दुरडी मला दाखवायला उचलली. गोजराबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती ओट्यावर चढली, चपला काढल्या, टाचेला आलेला फोड बघितला. मग म्हणाली, “आता दुरडी बंद. हापिसाला पाट्या करायच्या. पाठ बाहीर. जाड कांब.”

“का गं?” रत्नाबाईनं विचारलं. “आवडल्या म्हनतीया की ती.”

“तिला इचारा,” गोजराबाई म्हणाली, आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

अंगणात मी आणि त्या अकरा जणी उरलो. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“सांग की,” रत्नाबाई म्हणाली. ती अजून हसतच होती.